बिघडलेली ओळ : टेकमधल्या मराठी अक्षरजुळणीविषयी प्रस्तावना

टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत मराठी मजकूर बसवताना अडचणी येतात. त्यांची कारणे कशी शोधायची आणि त्या दूर कशा करायच्या, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. टेक मुळापासून शिकवण्याचे काम येथे केलेले नाही. त्यासाठी इंग्रजीत पुस्तके भरपूर आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल उपक्रमात टेकवर उभारलेल्या लाटेकचे पाठही मिळतात. पण पहिली दहा पाने सुरळीत जुळली आणि अकराव्या पानावर रफार भलत्याच ठिकाणी जाऊन बसला, तर तेव्हा माणसाला जे हवे असते ते या साधनांत सहसा सापडत नाही. ते कुठेतरी मराठीत लिहिलेले असावे म्हणून हा खटाटोप.

पुस्तकातल्या प्रकरणांमध्ये आज्ञा आणि संदेश मूळ रोमन लिपीत छापले आहेत. प्रस्तावनेत मात्र त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, म्हणजे संगणकासमोर न बसताही ती वाचता यावीत.

मोर्शीत बसून असे पुस्तक का लिहावे, असे कोणी विचारील. मोर्शी म्हटले की बाहेरच्या माणसाला संत्री आठवतात, फार तर सिंभोऱ्याचे अप्पर वर्धा धरण. पण रिद्धपूर याच तालुक्यात आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांना विचारून आणि पडताळून लिहून काढल्या. नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात लीळाचरित्र सिद्ध झाले ते रिद्धपुरात. मराठीतला हा आद्य गद्य ग्रंथ. त्याची मूळ प्रत पुढे धामधुमीच्या काळात नाहीशी झाली आणि शिष्यांनी आठवणीतून तो ग्रंथ पुन्हा उभा केला, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यामुळे एकाच लीळेचे निरनिराळे पाठ झाले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले लीळाचरित्र १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. अशा ग्रंथाची संशोधित आवृत्ती काढायची तर पानाची रचना सोपी नसते. वर मूळ ओळी, खाली पाठभेदांचा एक थर, त्याखाली टिपांचा दुसरा, आणि प्रत्येक नोंद ओळीच्या क्रमांकाशी बांधलेली. पेजमेकरमध्ये हे हाताने करावे लागते. एक ओळ वाढली की पुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक पुन्हा बघा.

टेकमध्ये नेमक्या याच कामासाठी एडमॅक नावाची सोय जॉन लव्हॅग्निनो आणि डॉमिनिक वुयास्तिक या दोघांनी केली. यांतले वुयास्तिक संस्कृतचे आणि आयुर्वेदाच्या इतिहासाचे अभ्यासक. एडमॅकवरून पुढे लेडमॅक आणि आज वापरात असलेले रेलेडमॅक ही पॅकेजे आली. पाठभेदांनी भरलेल्या भारतीय पोथ्यांची अडचण ओळखणारा माणूस या साधनाच्या मुळाशी आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आले आहे. तिथे पोथ्यांवर काम करणाऱ्या मुलामुलींना हे साधन लागणार, आणि ते वापरताना ओळ बिघडली तर विचारायला कोणी लागणार. पुण्या-मुंबईला फोन करत बसण्यापेक्षा कारण स्वतःला शोधता आले पाहिजे.

कारण शोधता येते, हाच टेकचा मोठा गुण आहे, आणि त्याचे मूळ टेकच्या इतिहासात सापडते. डोनाल्ड नूथ यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापायची होती. १९७७ साली तिची प्रुफे त्यांच्या हाती आली आणि फोटोटाइपसेटिंगची ती जुळणी त्यांना पसंत पडली नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच जुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. १९७८ मध्ये टेक वापरात आले, १९८२ मध्ये ते नव्याने लिहिले गेले, आणि त्यानंतर त्याचा गाभा जवळजवळ बदललेला नाही. आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला गणितातल्या 'पाय' या संख्येच्या किमतीकडे एकेक अंकाने सरकतो, यावरून नूथ यांची भूमिका कळते : नवे काही घालायचे नाही, फक्त चुका काढायच्या. लेस्ली लँपोर्ट यांनी त्यावर लाटेक उभारले. फ्रान्स व्हेल्टहुइस यांनी १९९१ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठात देवनागरीसाठी फॉन्ट आणि प्रोग्रॅम केला. त्यात मजकूर रोमन अक्षरांत टाइप करावा लागे. जोनाथन क्यू यांचे झीटेक २००४ मध्ये आले, तेव्हा युनिकोडमधला मराठी मजकूर जसाच्या तसा देता येऊ लागला. आज टेकच्या लुआलाटेक या रूपातही हार्फबझ या अक्षरघडणीच्या यंत्रणेची सोय आहे.

तीच फाइल, तीच पॅकेजे आणि तोच फॉन्ट असेल तर टेक दरवेळी तेच पान देते. म्हणून चूकही दरवेळी तिथेच आणि तशीच येते. वर्डमध्ये एखादा परिच्छेद कधी नीट दिसतो आणि कधी उडी मारतो, तेव्हा धरायला काही हाती लागत नाही. टेकमध्ये लागते. सोबत लॉग नावाची एक फाइल तयार होते आणि तिच्यात टेकला जे जे खटकले ते बहुतेक वेळा ओळ क्रमांकासह नोंदलेले असते. बहुतेक लोक ही फाइल कधी उघडत नाहीत. या पुस्तकाचा अर्ध्याहून अधिक भाग ती कशी वाचायची यावरच खर्च झाला आहे.

मराठी जुळणीतल्या अडचणींची मी एक साधी विभागणी करतो. दोष मजकुरात असतो, फॉन्टमध्ये असतो किंवा आज्ञेत असतो. तिन्हींची लक्षणे पानावर सारखीच दिसतात, म्हणून घोळ होतो. वेलांटी चुकीच्या जागी आहे एवढ्यावरून यांपैकी काय बिघडले ते सांगता येत नाही. ते ठरवण्यासाठी मी एक चाचणीची ओळ वापरतो आणि प्रत्येक नव्या कामाच्या सुरुवातीला ती स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये जुळवून बघतो :

मोर्शी, रिद्धपूर : शेतकऱ्यांना ₹ ५०० मिळाले.

या ओळीत जवळजवळ सगळी परीक्षा होऊन जाते. फॉन्ट निवडताना फॉन्टस्पेक या पॅकेजला लिपी देवनागरी आहे हे सांगितले नसेल, तर मोर्शीमधला रफार बनतच नाही. पाय मोडलेला र आणि त्यानंतर सुटा शी असा शब्द उभा राहतो. रिद्धपूरमधली वेलांटी र सोडून पुढच्या द वर जाते आणि द्ध फुटून द आणि ध वेगळे होतात. लिपी सांगितली पण भाषा मराठी आहे हे सांगितले नाही, तर जोडाक्षरे नीट येतात, मात्र मोर्शीतला श आणि मिळालेतला ल हिंदी वळणाचे येतात. ज्या फॉन्टांत मराठी वळणाची सोय आहे, त्यांना ते स्पष्ट सांगावे लागते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची वर्णमाला आणि अक्षररूपे ठरवून दिली. पाठ्यपुस्तक, शोधनिबंध किंवा शासकीय कामात चुकीच्या वळणाचा ल गेला तर तो दोषच समजला पाहिजे. वाचणाऱ्याला कळले की झाले, हे म्हणणे मला मान्य नाही.

शेतकऱ्यांना या शब्दातला आडवा अर्धा र हा आणखी एक कसोटीचा भाग. आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही अहवालात हा शब्द पानोपानी येतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन रीतींनी लिहिता येतो : खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी एक जोडखूण. दुसऱ्या रीतीत धोका आहे. मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना किंवा 'साफ' करताना ती न दिसणारी खूण गळून पडते आणि शेतकऱ्यांना या शब्दावर रफार चढतो. टेकचा त्यात काहीच संबंध नसतो. त्याला जे दिले ते त्याने छापले. म्हणून सगळीकडे टिंबाचा ऱ वापरावा, आणि काम हाती घेतल्याबरोबर शोधा-बदला चालवून पूर्ण मजकूर एकाच रीतीवर आणावा, असे मी या पुस्तकात ठामपणे सांगितले आहे.

आणि रुपयाचे चिन्ह. भारत सरकारने ते १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टांत ते नसणार हे उघड आहे. अशा फॉन्टमध्ये ते चिन्ह आले तर टेक थांबत नाही. पानावर ती जागा कोरी राहते किंवा तिथे रिकामी चौकट येते, आणि लॉगमध्ये 'मिसिंग कॅरॅक्टर' अशी एक ओळ पडते. शेकडो ओळींच्या लॉगमध्ये ती कोण बघतो? भावपत्रक छापून वाटले जाते आणि मग लक्षात येते. यावर उपाय सोपा आहे. टेक लाइव्ह या टेकच्या संचात २०२१ च्या आवृत्तीपासून ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या आज्ञेची किंमत ३ ठेवली की फॉन्टमध्ये नसलेले अक्षर ही सरळ चूक मानली जाते. मराठी काम करणाऱ्या प्रत्येकाने ही आज्ञा फाइलच्या डोक्यावर कायमची लिहून ठेवावी.

चाचणीची ओळ बिनचूक आली, तर फॉन्ट आणि त्याच्या आज्ञा शाबूत आहेत. मग दोष बहुधा मजकुरात शोधायचा.

मजकुरातले सगळ्यात चिवट दोष जुन्या फाइलींतून येतात. विदर्भातली असंख्य पुस्तके, स्मरणिका आणि लग्नपत्रिका श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या फॉन्टांत पेजमेकरवर जुळवल्या गेल्या. त्या फाइलींत खरे तर मराठी अक्षरे नाहीतच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले आहेत, आणि फॉन्ट काढला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. कन्व्हर्टर वापरून तो मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण कन्व्हर्टर तुकड्याला तुकडा लावतो. त्यातून एक दोष नेहमी उरतो : आ हे एक अक्षर न येता अ आणि त्यापुढे सुटा काना येतो. काही प्रोग्रॅमांत हे दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. टेकमध्ये हार्फबझकडून जुळणी झाली की अ आणि काना यांच्यामध्ये ठिपक्यांचे एक वर्तुळ येते. लोक म्हणतात, फॉन्ट खराब आहे. फॉन्ट चांगला आहे. ते वर्तुळ सांगते की या कान्याला धरायला व्यंजन नाही. वर्तुळ पुसण्यासाठी फॉन्ट बदलणारे मी पाहिले आहेत. पानावरचे वर्तुळ गेले तरी मजकुरातला दोष जागेवरच राहिला. पुढे पीडीएफमध्ये 'आई' शोधले तर सापडत नाही, आणि शब्दसूचीत आंबा, आजी, आठवण हे शब्द अ च्या रांगेत कुठेतरी विखुरतात. आ, ओ, औ, ऑ या चार स्वरांचे जोडून झालेले सर्व चुकीचे संच आणि त्यांचे बदल पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तक्त्यात दिले आहेत. जुने काम नव्या रूपात आणणाऱ्याने आधी तो तक्ता चालवावा, मग जुळणीला बसावे.

दुसरा दोष टक्क्याच्या चिन्हाचा. टेकमध्ये हे चिन्ह म्हणजे टिपणाची खूण : त्यापुढे ओळीच्या शेवटपर्यंत जे काही आहे ते टेक वाचतच नाही. 'फळात सुमारे ८७% पाणी असते, म्हणून तोडणीनंतर' असे टाइप केले की छापील पानावर ८७ नंतर वाक्य तुटते आणि पुढच्या ओळीचा मजकूर तिथेच येऊन चिकटतो. आजकालच्या एडिटरमध्ये पूर्ण परिच्छेद ही एकच लांब ओळ असते, त्यामुळे टक्क्यापुढचा अख्खा परिच्छेद जातो. चूक म्हणून काही नोंदले जात नाही, कारण टेकच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. संत्रा, कापूस, सोयाबीन यांवरचे लेख टक्क्यांनी भरलेले असतात. 'भाऊ, अर्धी ओय कुठी गेली?' हा प्रश्न कानावर आला की मी सगळ्यात आधी टक्का शोधायला सांगतो. त्या चिन्हाआधी तिरपी उलटी रेघ घातली की काम होते. आणि शंकेला जागाच नको असेल तर मराठी मजकुरात सरळ 'टक्के' हा शब्द लिहिणे जास्त चांगले.

आता आज्ञांकडे. येथे लॉग नीट वाचण्याची खरी गरज लागते, आणि येथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. टेक ज्या ओळीचा क्रमांक देते, तिथे त्याला अडचण कळली इतकाच त्याचा अर्थ. चूक तिथेच असेल असे नाही. संत्र्याच्या झाडावर डिंक्या आला की डिंक खोडावर दिसतो, पण बागाईतदार मुळाशी पाणी कुठे साचले ते बघतो. लॉगमधल्या क्रमांकाकडे तसेच बघावे. एखादा महिरपी कंस बंद करायचा राहिला असेल, तर त्याची तक्रार कित्येक परिच्छेद पुढे, कधीकधी प्रकरणाच्या शेवटी येते. म्हणून क्रमांकापासून मागे जायचे, पुढे नाही.

दुसरी गोष्ट, फक्त पहिली चूक दुरुस्त करायची. एका न मिटलेल्या कंसामुळे पुढे पन्नास तक्रारी उमटतात आणि त्यांतल्या एकोणपन्नास खोट्या असतात. पहिली दुरुस्त करा, पुन्हा चालवा, मग उरलेली बघा. मुद्रितशोधनाची सवय असलेल्या माणसाला हे जड जाते. प्रूफ वाचताना पानावरच्या सगळ्या चुका एकदम खुणा करून पाठवायच्या असतात. येथे त्या सवयीने नुकसान होते.

चूक कुठे आहे याचा अंदाजच येत नसेल, तर फाइल अर्ध्यात कापायची. मधोमध दस्तऐवज संपवण्याची आज्ञा टाकली की टेक तिथेच थांबते. चूक राहिली तर ती वरच्या अर्ध्यात, गेली तर खालच्या अर्ध्यात. तीनशे पानांचा प्रबंध असला तरी आठ-नऊ वेळा अर्धे करत गेले की दोष पानाच्या आत येतो. हा मार्ग मी कोणालाही सर्वांत आधी शिकवतो, कारण त्यासाठी टेकचे विशेष ज्ञान लागत नाही. एवढे केल्यावर जो लहानसा तुकडा हाती राहतो, त्यातून चुकीशी संबंध नसलेले सगळे काढून टाकावे. काढता काढता निम्म्या वेळा कारण आपोआप दिसते.

संदर्भाच्या जागी दोन प्रश्नचिन्हे आली तर घाबरू नये. टेकला फाइल दोनदा चालवावी लागते. पहिल्या वेळी ते पानांचे क्रमांक लिहून ठेवते, दुसऱ्या वेळी वापरते. रेलेडमॅकच्या ओळ क्रमांकांना तिसरी फेरीही लागू शकते. सगळे बरोबर असूनही जुनीच चूक पुन्हा येत असेल, तर ऑक्स नावाची जुनी सहायक फाइल खोडून टाकावी. लॉगमध्ये एखादा शब्द शोधून सापडत नसेल तर हेही लक्षात ठेवावे की लॉगची ओळ साधारण ७९ अक्षरांवर मोडली जाते आणि शब्द दोन ओळींत तुटलेला असू शकतो.

ओळींच्या अंतराचा प्रश्न मात्र मला सविस्तर मांडावासा वाटतो, कारण मराठीत तो रोज येतो आणि इंग्रजी पुस्तकांत त्याचे उत्तर फारसे नसते. दहा पॉइंटच्या अक्षराला लाटेक बारा पॉइंटची ओळ देते. रोमन लिपीला ती पुरते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार एकावर एक येतात, आणि खाली उकार, ऋकार किंवा ट्र-ड्र सारखी जोडाक्षरे लोंबतात. वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतला रफार यांची गाठ पडू लागली की टेक तेवढ्या दोन ओळींमध्ये आपणहून थोडे अंतर वाढवते. परिणामी पानावरच्या काही ओळी जवळ आणि काही दूर दिसतात. वाचणाऱ्याला कारण समजत नाही, पण पान अस्वस्थ वाटते. यावर चूक तर सोडाच, सूचनाही लॉगमध्ये येत नाही. ओळीचे अंतर मुळातच दीडपटीच्या जवळ, म्हणजे दहा पॉइंटला पंधरा-सोळा पॉइंट ठेवले की ही कुरबूर थांबते. पाने वाढतात हे खरे. कागद वाचवण्यासाठी ओळी चेपण्याची सवय आपल्याकडे फार रुजली आहे आणि तिने मराठी पुस्तकांचे वाचन कष्टाचे केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समासाबाहेर गेलेल्या ओळीचे तसे नाही. ती टेक स्वतः सांगते : ओव्हरफुल एचबॉक्स, अमुक पॉइंट जास्त. एक पॉइंट म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर. तीन पॉइंट जास्त म्हणजे ओळ एक मिलिमीटरने बाहेर आहे, आणि तेवढे डोळ्यांना दिसते. एका पॉइंटाहून कमी असेल तर सोडून द्यावे. मराठीत हे जास्त घडते, कारण आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. 'ग्रामपंचायतीमार्फतसुद्धा' हा एक शब्द आहे आणि दोन स्तंभांच्या स्मरणिकेत तो जवळजवळ अर्धी ओळ खातो. टेकला तो तोडायचा कुठे हे माहीत हवे. संतोष तोट्टिंगल यांनी भारतीय भाषांसाठी शब्द तोडण्याचे नमुने तयार केले आणि त्यांत मराठीही आहे. पण बेबल किंवा पॉलीग्लोसिया या पॅकेजांतून मराठी भाषा निवडल्याशिवाय ते लागू होत नाहीत. ही एक ओळ लिहायची राहिल्यामुळे प्रत्येक पानावर चार-पाच ओळी समासाबाहेर गेलेले प्रबंध मी पाहिले आहेत. त्यांच्यावर सगळीकडे 'स्लॉपी' ही आज्ञा लावून शब्दांमध्ये भगदाडे पाडली जातात. तो उपाय नव्हे.

येथे आणखी एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या रीतीने टेक पूर्ण परिच्छेद एकदम विचारात घेऊन ओळी तोडते. म्हणून शेवटच्या ओळीत एक शब्द घातला की पहिली ओळही बदलू शकते. हा बिघाड नाही. पेजमेकरवर वर्षानुवर्षे ओळ ओळ बसवणाऱ्याला तो बिघाड वाटतो आणि तो सक्तीच्या तोडीची खूण घालत सुटतो. एकदा त्या खुणा फाइलमध्ये शिरल्या की पुढच्या आवृत्तीत प्रत्येक ओळ नको तिथे तुटते.

ठळक आणि तिरप्या अक्षरांबद्दल थोडेच सांगायचे. देवनागरीला तिरपे वळण परंपरेने नाही, आणि बहुतेक फॉन्टांत ते नसतेच, त्यामुळे इटॅलिकची आज्ञा दिली की लॉगमध्ये सूचना येते आणि अक्षर सरळच छापले जाते. यंत्राने ओढून तिरके केलेले अक्षर वापरू नये. जोर द्यायचा तर ठळक वापरावे. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'शोभिका' आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' या फॉन्टांत ठळक वळण स्वतंत्र काढलेले आहे आणि दोन्ही विनामूल्य आहेत.

शब्दसूचीसाठी मेकइंडेक्स हा प्रोग्रॅम मराठीत चालवू नये. तो अक्षरांचा क्रम युनिकोडच्या क्रमांकांवरून लावतो, आणि तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क आणि ज मध्ये मिसळतात. मराठी वाचक ळ, क्ष, ज्ञ ह च्या पुढे शोधतो. झिंडी किंवा उपमेंडेक्स या प्रोग्रॅमांनी मराठी क्रम कसा लावायचा ते नवव्या प्रकरणात आहे. प्रस्तावनेच्या पानांना लाटेक रोमन आकडे देते. मराठी पुस्तकांत तिथे एक, दोन, तीन असे अक्षरी आकडे देण्याची रीत आहे. ती कशी पाळायची तेही त्याच प्रकरणात सांगितले आहे.

या पुस्तकात गणिताची जुळणी नाही. मोडी लिपी नाही. महानुभाव पोथ्यांतल्या सकळ आणि सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्याही नाहीत. त्यांवर स्वतंत्रपणे आणि जाणकाराने लिहायला हवे.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. अडचण विचारायची असेल तर पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवू नका. कापून लहान केलेला फाइलचा तुकडा, लॉगची पूर्ण फाइल आणि फॉन्टचे नाव ही तिन्ही पाठवा. त्यावर उत्तर देता येते, फोटोवर येत नाही. आणि पुस्तक छापून झाले की फक्त पीडीएफ जपून ठेवू नका. युनिकोडमधला मूळ मजकूर, वापरलेले फॉन्ट आणि पॅकेजांच्या आवृत्त्यांची यादी एका जागी ठेवा आणि त्याची एक प्रत गावातल्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्या. तुमचे काम रिद्धपूरच्या एखाद्या पोथीवर असेल तर एक प्रत तिथल्या विद्यापीठालाही द्या.